पेट्रोल टेलला पोहोचत नाही

आमचे साडू सकाळी उठले की आधी वास घेतात. चहाचा नाही, फुलांचा नाही, पेट्रोलचा. कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या घरासमोर सव्वीस फुटांची एक जुनी मोटरहोम उभी असते. तिच्याभोवती ते अनवाणी प्रदक्षिणा घालतात आणि दर चार पावलांवर थांबून नाक वर करतात. वास आला तर म्हणतात, "कुठंतरी गळतंय." नाही आला तर जास्तच काळजीत पडतात. "काल येत होता हो. आज टाकीत काही उरलंच नाही की काय?"

आम्ही उभयता सांगलीहून त्यांच्याकडे उन्हाळा काढायला गेलो होतो. मेव्हणीनं फोनवर सांगितलं होतं, "भाऊजी, चाकावरचं घर घेतलंय. तुम्हाला सगळी अमेरिका दाखवतो." मी नवे बूट घेतले, हिनं बेसनाचे लाडू घेतले. अमेरिका म्हणून मला प्रत्यक्षात जे दिसलं, ते बहुतेक त्या गाडीच्या पोटाखाली उताणं पडून दिसलं. हातात टॉर्च होता आणि वरून थेंब पडत होता.

गाडी १९७६ सालची जीएमसी. दिसायला आजही देखणी. पुढची चाकं ओढणारी, त्यामुळे आतली जमीन खाली, काचा मोठ्या, आणि इंजिन साडेसात लिटरचं. आमच्या गल्लीतल्या सात-आठ घरांच्या मोटारी वितळवल्या तर एवढं इंजिन होईल. १९७३ ते १९७८ या काळात अशा तेरा हजारांच्या जरा आत गाड्या बनल्या. १९८१ च्या 'स्ट्राइप्स' नावाच्या सिनेमात हीच गाडी लष्कराचं गुप्त वाहन म्हणून आहे, हे साडू ओळख झाल्यावर तिसऱ्या वाक्यात सांगतात. पहिली दोन वाक्यं "हॅलो" आणि "पेट्रोलचा वास येतोय का?" अशी असतात.

या गाडीला दोन टाक्या आहेत. दोन्ही मिळून ५० गॅलन, म्हणजे जवळजवळ १९० लिटर. एका लिटरला ती चार किलोमीटर गेली तर साडू तिची दृष्ट काढतात. असं पिणारं घर बाजारात आलं १९७३ साली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं. पत्रिका न बघता काढलेला मुहूर्त.

बांधणाऱ्यांना मात्र दोष देता येत नाही. त्यांनी गाडी १९७३ च्या पेट्रोलसाठी बांधली होती. पन्नास वर्षांनी आमच्या साडूंसारखा कुणी तरी सॉफ्टवेअरवाला तिला आजचं पेट्रोल पाजून वाळवंटात नेईल, हे त्यांच्या स्वप्नातही नसणार.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. त्यामुळे गाडीचा आराखडा बघताक्षणी मला सगळं ओळखीचं वाटलं. टाकी म्हणजे धरण. तळाशी गाळणी, पुढे लोखंडी नळीचा कालवा, मध्ये दोन टाक्यांतून निवड करणारं विजेवर चालणारं दार, इंजिनाला चिकटलेला पंप, आणि सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटर. हा कार्ब्युरेटर म्हणजे टेलचा, कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी. धरण भरलेलं, कालवा वाहतोय, कागदावर आवर्तन पूर्ण, आणि हा आपला बांधावर उभा राहून ओरडतोय की पाणी आलंच नाही. आयुष्यभर मी अशा अर्जांवर 'चौकशी करून कळवावे' असा शेरा मारला. साडूंना तसाच सल्ला दिला. त्यांना तो आवडला नाही.

जुन्या गाडीला गर्दी लागत नाही, सल्लागार लागतात. आणि ते न विचारता बोलतात. महाराष्ट्र मंडळाच्या लोकांना साडूंनी एकदा गाडी बघायला बोलावलं. ती सुरू होईना म्हटल्यावर बटाटेवड्यांच्या ताटल्या हातात घेऊन सगळे इंजिनाभोवती जमले.

"फिल्टर चोंदलाय," एक जण वडा मोडत म्हणाला.

"अर्थिंग बघा," दुसरा म्हणाला. हा दंतवैद्य.

"कार्ब्युरेटर काढून फेका आणि सरळ इंजेक्शन बसवून टाका," तिसऱ्यानं सुचवलं. साडूंचा चेहरा असा झाला की कुणी तरी त्यांना कुलदैवत बदलायला सांगितलं असावं.

"विकून टाका," चौथा म्हणाला. त्याला दुसरा वडा मिळाला नाही.

मीही मागे राहिलो नाही. आमच्या पिढीचा स्कूटरवर विश्वास आणि स्कूटरचा तिरकं होण्यावर. मी म्हणालो, "जरा एका बाजूला कलती करून बघू या का?" गाडी पाच टनांची आहे, हे साडूंनी फार शांतपणे सांगितलं.

शेजारी एक गोरे आजोबा राहतात. उभं आयुष्य गॅरेजात गेलेलं. ते कुंपणावरून नुसते बघत होते. जाताना एवढंच म्हणाले, "कार्ब्युरेटरचे बहुतेक रोग स्पार्क प्लगच्या वायरीत असतात." हे ऐकून साडूंनी प्लग बदलले, वायरी बदलल्या, कॉइल बदलली. गाडी आता पूर्वीपेक्षा जास्त आत्मविश्वासानं सुरू होईना.

मग गाडीचा आहार तपासायचं ठरलं. अमेरिकेतल्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तेही मुख्यतः मक्याचं. नव्या गाड्यांना ते पचतं. जुन्या रबरी नळ्यांना नाही. इथेनॉल रबराला आतून पोखरतं, हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं निवांत बसलेला चिकटा सोडवून थेट फिल्टरच्या दारात नेऊन ठेवतं. हे कळल्यावर साडूंनी माझ्याकडे रोखून बघितलं.

"दादा, तुमच्या उसानं माझ्या नळ्या खाल्ल्या."

"अहो, इथं मक्याचं असतं ना?"

"मका काय, ऊस काय, नळीला काय कळतं? साखर कारखान्याचं नाव काढलं की तुमची छाती फुगते. तिथंही घालतातच ना?"

"आता वीस टक्के," मी अभिमानानं म्हणालो. सांगलीच्या माणसाला हे सांगताना आवाज आवरत नाही. साडू खाली बसले.

इथेनॉलला दाद न देणारी नळी मिळते. तिच्या अंगावर 'जे३०आर९' असं छापलेलं असतं. साडूंच्या घरात हा शब्द मुलांच्या नावांपेक्षा जास्त उच्चारला जातो. लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी मेव्हणीच्या हातात एक जड खोकं ठेवलं. तिनं डोळे मिटून उघडलं. आत काळ्या नळीचं भेंडोळं.

"पंचवीस फूट," साडू भरल्या आवाजात म्हणाले. "पूर्ण गाडी होते."

मेव्हणी नंतर हिला म्हणाली, "ताई, यांचं प्रेम आहे गं माझ्यावर. फक्त ते टाकीपासून निघतं आणि वाटेत कुठंतरी अडतं."

नळ्या बदलायच्या तर टाक्या खाली उतरवाव्या लागतात, कारण काही नळ्या टाकी आणि गाडीचा तळ यांच्या मधल्या फटीत आहेत आणि तिथं फक्त लहान मुलाचा हात जातो. लहान मुलं मोठी होऊन कॉलेजात गेलेली. टाक्या उतरवायच्या तर आधी पेट्रोल काढायला हवं. ते ठेवायचं कुठं? गल्लीत ज्याच्या ज्याच्याकडे गवत कापायचं यंत्र होतं, त्याला साडूंनी आग्रह करून पेट्रोल वाटलं. त्या महिन्यात तिथली हिरवळ इतकी बारीक कापली गेली की तिला नाव बदलून घ्यावं लागलं असतं.

टाकीच्या तळातून निघालेली गाळणी काळीकुट्ट होती. साडूंनी ती लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून हॉलमध्ये ठेवली. पाहुणे आले की लोक मुलांची पदकं दाखवतात. हे बरणी हलवून दाखवायचे. "बघा, पन्नास वर्षांचा गाळ." पाहुणे चहा अर्धा ठेवून उठत.

टॉर्च धरणं हे माझं काम होतं. लहानपणी वडिलांनी फ्यूज बदलताना मला टॉर्च धरायला लावला होता, तेव्हापासून या पदावर मला बढती मिळालेली नाही.

"दादा, उजेड."

"उजेडच आहे."

"मी बघतोय तिथं हवा."

"तुम्ही कुठं बघताय?"

"जिथं दिसत नाही तिथं."

या गाडीचं इंजिन उघडायचं झाकण बाहेर नाही, आत आहे. पुढच्या दोन खुर्च्यांच्या मधे जमिनीत. म्हणजे दिवाणखान्यात गुडघे टेकायचे, गालिचा उचलायचा, झाकण काढायचं, की खाली इंजिन. घरातल्या घरात एवढी अडचण निर्माण करण्याची सोय मी दुसऱ्या कुठल्याच वाहनात पाहिलेली नाही. मेव्हणी चहा घेऊन आली की ओलांडून जाते. तिला आता सवय झालीय.

कार्ब्युरेटर काढून साडूंनी तो जेवणाच्या टेबलावर आणला. क्वाड्राजेट. त्याला चार घसे आहेत: पुढचे दोन बारीक, रोजच्या चालीला, मागचे दोन रुंद, पाय दाबला की उघडणारे. ते उघडले की इंजिन खोल हंबरतं, असं साडू सांगतात. तो आवाज मी ऐकलेला नव्हता, कारण तेवढा पाय दाबण्याइतकी गाडी चालू राहिलीच नव्हती.

आत एक तरंगणारा फ्लोट असतो. पेट्रोलची पातळी वाढली की तो वर येऊन सुई बंद करतो. हा फ्लोट फोमसारख्या पदार्थाचा असतो आणि म्हातारपणी पेट्रोल शोषून जड होतो. जड झाला की तरंगत नाही, सुई बंद होत नाही, आणि पेट्रोल वाहून जातं. माझ्या माहितीत असे काही अधिकारी होते. फ्लोटचं वजन करायला साडूंनी मेव्हणीचा केक मोजायचा काटा घेतला. पंधरा दिवसांनी तिनं केलेल्या केकला जो स्वाद आला, त्यावर घरात अजून बोलत नाहीत.

याच कार्ब्युरेटरात अॅक्सिलरेटरच्या पंपाच्या वाटेत एक पोलादी गोळी असते. तिच्या डोक्यावरचा पितळी स्क्रू काढला आणि कार्ब्युरेटर उलटा केला की ती निघून पडते. हे पुस्तकात लिहिलंय. साडूंनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि पुस्तकाची खूण करायला म्हणून कार्ब्युरेटर उलटा ठेवला.

टिक्.

एवढाच आवाज झाला. टेबलावरून ती जमिनीवर, जमिनीवरून दारातून गाडीकडे जाणाऱ्या फरशीवर, आणि तिथून नाहीशी. संध्याकाळपर्यंत चौघंही रांगत होतो. साडूंनी दोरीला लोहचुंबक बांधून मोटरहोमचा लांब केसांचा गालिचा विंचरला. सत्तरच्या दशकातला तो गालिचा. त्यातून निघालं काय काय: केसांच्या पिना, कुणाच्या तरी किल्ल्यांची कडी, बाटली उघडायची चावी, खिळे, एक कानातलं. दोन-तीन पिढ्यांच्या सुट्ट्यांचा ऐवज. गोळी सोडून सगळं. शेवटी साडू झोपायला गेले, मोजा काढला, आणि मोज्यातून ती पडली. टिक्. रात्री साडेअकराला त्यांनी आम्हाला उठवून दाखवली.

गाडी सुरू झाली. खरंच झाली. मग काय, लास वेगास.

मेव्हणीनं एक पद्धत पाडलेली आहे. या गाडीतून निघायचं तर प्रत्येक मोठ्या चढाच्या पायथ्याशी एक हॉटेल बुक करून ठेवायचं, पैसे परत मिळणारं. गाडी चढ चढली की रद्द करायचं. "भाऊजी, नकाशात लोक तलाव बघतात," ती म्हणाली, "मी चढ बघते."

लॉस एंजेलिसकडून लास वेगासला जाणाऱ्या हमरस्त्यावर बेकर नावाचं गाव लागतं. मोजावे वाळवंटात. तिथं १३४ फूट उंचीचा थर्मामीटर उभा आहे. १९१३ साली जवळच्या डेथ व्हॅलीत १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे साडेछप्पन सेल्सिअसच्या वर तापमान नोंदलं गेलं, त्याची ही आठवण. इतर गावं थोर पुरुषांचे पुतळे उभारतात. इथं उकाड्याचा आहे. गाव समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या आत, आणि तिथून रस्ता हॅलोरन समिटकडे चार हजार फुटांपर्यंत चढत जातो. रस्त्याकडेला पाटी लावलेली असते: इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा. आम्ही एसी बंद केला, खिडक्या उघडल्या, बायकांनी पदर डोक्यावर घेतले. गाडीनं चढाच्या मध्यावर उसासा टाकला आणि थांबली.

"वेपर लॉक," साडू घाम पुसत म्हणाले. आवाजात दुःख कमी, ओळख जास्त.

म्हणजे असं. पेट्रोल उष्णतेनं नळीतच उकळतं, त्याची वाफ होते, आणि पंप वाफेला ढकलू शकत नाही. त्यातून पंप इंजिनापाशी, तापलेल्या कोपऱ्यात. तो लांबून ओढतो, ओढलं की दाब कमी होतो, दाब कमी झाला की पेट्रोल आणखी लवकर उकळतं. टाक्या भरलेल्या आणि कार्ब्युरेटर कोरडा. टेलचा अर्ज पुन्हा टेबलावर.

एक ट्रकवाला थांबला. खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "कपड्यांचे चिमटे आहेत का?" अमेरिकेतला हा जुना आजीबाईचा बटवा. पेट्रोलच्या नळीवर लाकडी चिमटे लावले की ती थंड राहते, अशी श्रद्धा. शास्त्र काय म्हणतं ते मला विचारू नका. भर उन्हात अडकलेला माणूस शास्त्राला फोन लावत नाही. हिच्या पिशवीत चिमटे होते. परदेशात लागतील म्हणून सांगलीच्या मंडईतून घेतलेले, पण प्लॅस्टिकचे. ते लावले. गरम नळीवर ते मऊ झाले, वाकले आणि शेवटी तिथंच चिकटले. आजही तिथं आहेत. गुलाबी.

आम्ही पायथ्याच्या हॉटेलात गेलो. मेव्हणीकडे बुकिंगचा कागद तयार होताच.

रात्री मी साडूंना म्हणालो, "अहो, उपसा सिंचनाचा साधा नियम आहे. पंप विहिरीपाशी ठेवायचा, शेतापाशी नाही. ओढायला मर्यादा असते, ढकलायला नाही. टाकीजवळ विजेचा पंप बसवा, नळीत दाब राहील, पेट्रोल उकळणार नाही."

"दादा," ते प्रेमानं म्हणाले, "हे पाणी नाही."

परत आल्यावर कुंपणावरून आजोबा म्हणाले, "टाकीजवळ विजेचा पंप बसव."

"व्वा!" साडू ओरडले. "याला म्हणतात अनुभव! दादा, ऐकलंत?"

मी ऐकलं. आमच्या खात्यातही असंच होतं. कनिष्ठ अभियंत्यानं सांगितलेलं पटत नाही, बाहेरचा सल्लागार तेच सांगून जाडजूड अहवाल देतो, तेव्हा सगळे माना डोलावतात. फरक एवढाच की आजोबांनी फक्त एक लाडू घेतला.

पंप बसला. दाब पाच-सहा पौंडांच्या वर जाऊ नये, गेला तर सुई दम सोडते, म्हणून मीटर बसला. इंजिन बंद पडलं की पंपही आपोआप बंद व्हावा, नाहीतर आगीची भीती, म्हणून स्विच बसला. आग विझवायचं नळकांडं आमच्या पायाशी बसलं. आणि आम्ही पुन्हा निघालो.

बेकर आलं, थर्मामीटर मागे गेला, चढ सुरू झाला. कुणी बोलेना. साडूंनी पाय दाबला आणि मागचे दोन घसे उघडले. खोल, रुंद, पोटातून निघालेला हंबरडा. पाच टनांचं घर एसी चालू ठेवून डोंगर चढत होतं. हॅलोरन समिट आलं आणि गेलंही. मेव्हणीनं फोन काढून पायथ्याचं हॉटेल रद्द केलं, आणि उत्साहाच्या भरात लास वेगासचंही रद्द केलं. "कशाला? आपलं घर आहे ना!"

साडू मात्र गप्प होत चालले होते. दर दहा मैलांनी विचारायचे, "काही आवाज येतोय का?" नाही म्हटलं की आणखी खिन्न. "वास?" तोही नाही. लास वेगासचे दिवे दिसायला लागले तेव्हा ते परीक्षेत सगळे प्रश्न सोपे आलेल्या मुलाच्या चेहऱ्यानं गाडी चालवत होते.

शनिवारची रात्र. गाड्या लावायच्या मैदानात जागा मिळाली. आम्ही दमून मागच्या पलंगाकडे वळलो, आणि मेव्हणीनं पांघरूण उचललं.

पलंगभर नळ्या. त्याखाली जुने पंप. कपाटात दोन कार्ब्युरेटर, एक सुटा आणि एक पिशवीत. सोफा उघडून पलंग होतो म्हणतात. तो उघडेना, कारण आत टाकीची जुनी झाकणं, गाळण्या, गास्केटची पाकिटं आणि फ्लोट. उशीच्या खोळीत वॉशर. आजवर गाडी मुक्कामाला कधी पोहोचलीच नव्हती, म्हणून ती झोपायची जागा आहे हे साडूंच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

आम्ही हॉटेलात गेलो. शनिवारचा दर, ऐनवेळचा, आणि परत न मिळणारा. लिफ्टची वाट बघताना मेव्हणी दातओठ खात म्हणाली, "ही गाडी पार्ट ठेवायला झाली. आता झोपायला एक दुसरी घ्या."

साडू वळले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं.

"खरंच म्हणतेस? फिनिक्सजवळ एक आहे विकायला. सुरू होत नाही म्हणतोय."